जावयांची वॅगन

झाडावरच्या केळ्याची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजणारा रावेर तालुक्यातला मी पहिला माणूस असेन. शेवटचाही बहुधा मीच, कारण मला तसं करताना ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी कोणी तो प्रयोग पुन्हा करील असं वाटत नाही.

पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी गावी आलो, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीपलीकडचा तुकडा माझ्या हवाली केला. उशिरा लावलेली कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावतात ती केळी, होती. मी मुळाशी माती तपासली, पाण्याचा सामू काढला, घडांवर चिठ्ठ्या बांधल्या. आबांनी सगळं बघून घेतलं आणि एकच अट घातली.

"हा तुकडा दिल्लीले नीट गेला त पुढची बठ्ठी लागवड तुह्या हाती. नही गेला त ते धुळ्याच्या कॉलेजातलं बोलावणं आलेलं हाय, तिकडे जाय न नळ्या हालवत बस."

दिल्लीला नीट जाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडचं केळं हिरवंच कापतात. त्याच्या अंगावरच्या धारा बोथट व्हायला लागल्या की घड उतरवायचा, निंभोरा स्टेशनवर वॅगनीत भरायचा, मग तो प्रवासात आणि दिल्लीच्या वखारीत पिकतो. झाडावर पिवळा झालेला घड व्यापारी हातात धरत नाही. मधले दिवस थोडे असतात. माझ्या बागेचे ते दिवस शहाण्णव सालच्या जूनमध्ये येणार होते. तारखेचा अंदाज मी आलेख काढून बांधला होता आणि तो बरोबर आला. या गोष्टीत माझं जे काही बरोबर आलं ते एवढंच, म्हणून आधी सांगून टाकतो.

वॅगन मिळायची ती गावच्या फळ विक्री सोसायटीला. ज्याची बाग तयार, त्याची पाळी. कोणाची बाग किती तयार आहे ते चेअरमन लीलाधर नाना जाऊन बघत आणि पाळी सांगत. नाना बोलायला गोड आणि माणूस हुशार. पण त्यांचे थोरले जावई चुडामण चोपड्याकडचे. तिकडे रेल्वे नाही. दर खेपेला चुडामणरावांचा ट्रक निंभोऱ्याला येऊन उभा राही आणि नाना आमच्यातल्या कोणाची तरी पाळी एक वॅगन पुढे ढकलत. कोणी उघड बोलत नसे. जावयाबद्दल कसं बोलणार?

बोलले ते रतिलालभाऊ, कारण त्यांची पाळी लागोपाठ दोनदा ढकलली गेली. आणि ते बोलले त्याच संध्याकाळी मी नानांच्या ओट्यावर इंग्रजी पेपर घेऊन पोचलो. हा योगायोग नव्हता. मी रोजच पेपर घेऊन पोचत असे. कॉलेजात असताना सुटीत येऊन मी जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावावर एवढं बोललो होतो, की गावात माझं अभिमन हे नाव फक्त आई वापरायची. बाकीच्यांना मी डंकेल.

"काय म्हनते तुही जिनिव्हा?" नानांनी विचारलं.

त्या दिवशी माझ्याकडे खरोखर बातमी होती. जिनिव्हात जागतिक व्यापार संघटना सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तिथे केळ्यांवरूनच भांडण लागलं होतं. मी समजावून सांगितलं. युरोपातले देश आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना आधी घेतात, त्यांना जकातीत सूट देतात. इक्वेडोर, होंडुरास यांची केळी मागे राहतात. म्हणून त्यांनी आणि अमेरिकेने मिळून तक्रार केली आहे. आता तीन पंच बसतील आणि निकाल देतील.

"म्हंजे युरोपवालेबी जावयाची केळी पयले घेते," रतिलालभाऊ नानांकडे न बघता म्हणाले.

"न अमेरिकेत केळी किती होते रे?" नानांनी विषय वळवला.

"नावापुरती."

"मंग तिच्या पोटात काहाले दुखते?"

"तिच्या कंपन्यांचे मळे दुसऱ्या देशांत आहेत."

"म्हंजे भांडन भाड्यानं घेतेलं हाय," धुरपदाअक्का म्हणाल्या. अक्कांचे यजमान गेल्यापासून त्या स्वतः बाग करत, सोसायटीच्या सभासद होत्या, आणि ओट्यावर पुरुषांच्या बरोबरीने मांडी घालून बसत. "काय बी असो, त्याहिले विचारनारं कोनी तरी हाय. आपल्याले कोन हाय?"

एवढं निमित्त मला पुरलं. मी रात्रभर जागलो नाही, कारण मसुदा माझ्या डोक्यात तयारच होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार नियम वाचून दाखवले. पहिला: सोसायटीने एकाला जी सवलत दिली ती सगळ्यांना द्यावी लागेल. दुसरा: तक्रार आली तर तीन पंच निकाल देतील. तिसरा: ज्या कामात स्वतःचा फायदा आहे त्यात कोणी पंच म्हणून बसणार नाही आणि मतही देणार नाही. चौथ्याचा मला विशेष अभिमान होता. जुन्या गॅट करारात हरलेला देश एकटा अडून बसला तरी निकाल बारगळायचा. नव्या संघटनेत तसं नाही. निकाल रद्द करायचा तर सगळ्यांनी, जिंकणाऱ्यासकट, नको म्हणावं लागतं. मी तेच घातलं.

नानांची धाकटी मुलगी सुगंधा चहा घेऊन आली होती. ती जळगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. कप ठेवता ठेवता तिने विचारलं, "सवलत म्हणजे काय काय, ते लिहिलंय का?"

"ते उघडच आहे," मी म्हणालो.

"अस्सं," ती म्हणाली आणि आत गेली.

नियम एकमताने पास झाले. सगळ्यात आधी हात वर केला तो नानांनी. हा नीतीचा विजय आहे असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लीलाधरभाऊजी हसले का रे?" मी म्हणालो, हो, हसले. आईने भाकरी उलटली.

पंच म्हणून मी, धुरपदाअक्का आणि झुलालबाबा निवडले गेलो. झुलालबाबांना ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांच्या निष्पक्षपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. रतिलालभाऊंची तक्रार शाळेच्या खोलीत चालली. मी दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला. नानांनी त्यांचा वेळ वापरलाच नाही.

"मी जावयाले सवलत देली. कबूल हाय," ते म्हणाले. "नियम काय म्हनते? एकाले देली ते बठ्ठ्याहिले. मंग बठ्ठ्या सभासदाहिच्या जावयाहिले देतो. आता काय तक्रार राह्यली?"

मला वाटलं होतं ते सवलत मागे घेतील. पण मी लिहिलेल्या शब्दांत दोन्ही वाटा बसत होत्या: काढून घ्या, नाही तर सगळ्यांना द्या. तीनदा वाचून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "असंच लिहेल हाय बाप्पा, आता काय करतं." झुलालबाबांनी सही केली. मीही केली.

इथे मी जी चूक केली ती जिनिव्हातला कोणी करू शकला नसता, कारण तिथे पंचांग नाही. पुढच्या सोमवारपासून अधिक आषाढ लागत होता. धोंड्याचा महिना. आमच्याकडे त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, जाताना ताटभर अनारसे देतात. जावई जे मागेल त्याला त्या महिन्यात नाही म्हणायची पद्धत नाही. आणि त्या वर्षी जावयांना मागायला एक नवी गोष्ट मिळाली होती.

ते आले. मुक्ताईनगरकडचे आले, बऱ्हाणपूरकडचे आले. येताना लेक, नातवंडं आणि ट्रक घेऊन आले. निंभोऱ्याच्या मालधक्क्यावर एवढी पाहुणेमंडळी जमली की हमालांनी प्रत्येकाला रामराम घालता घालता भरणी थांबवली. चुडामणराव सर्वांत जुने जावई म्हणून मधोमध खुर्चीवर बसलेले.

"डंकेलभाऊ, तुम्हना नियम भारी शे हो!" त्यांनी मला लांबूनच हाक मारली. "आम्हना बठ्ठा माल तयार शे. आते तुम्हनं गाव म्हणजे आम्हनी सासुरवाडी नही, आम्हनं स्टेशन शे!"

त्या आठवड्यात गावचा एक घडही वॅगनीत चढला नाही.

रतिलालभाऊ पुन्हा तक्रार घेऊन आले. त्यांना चार मुलगे, मुलगी नाही. "ज्याले पोरगी नही त्याच्यावर हा अन्याव हाय," ते म्हणाले. तर्क बिनतोड होता. आम्ही निकाल दिला की ज्याला जावई नाही त्याचा व्याही जावयासमान धरावा. रतिलालभाऊंचे चारही व्याही केळीवाले निघाले. ते काही धोंडे खायला येणार नव्हते, पण केळी मात्र आली.

इकडे माझ्या बागेतल्या केळ्यांच्या धारा बोथट होत होत्या. मी रोज सकाळी कॅलिपर घेऊन जाई आणि आलेखावर एक टिंब वाढवी. टिंबं वर चढत होती. आबा जेवताना विचारत, "डंकेल, आपला घड कधी जाते?" मी मुद्दा मांडायला सुरुवात केली की ते ताक मागत.

माझ्याकडे मार्ग नव्हता. मी एकुलता एक, म्हणजे घरात जावई नाही. माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे आबांना व्याहीही नाही. तक्रार करावी तर मीच पंच. तिसऱ्या नियमाने मला बसता येईना. राजीनामा द्यावा तर दोनच पंच उरतात, आणि दुसऱ्या नियमाने तीन लागतात. मी हे सगळं एका कागदावर बाण काढून मांडलं. प्रत्येक बाण फिरून परत माझ्याकडेच येत होता. शास्त्रीय दृष्टीने आकृती फार सुंदर दिसत होती.

तेव्हा लीलाधर नानांनी मला चहाला बोलावलं.

"अभिमन," ते म्हणाले. त्यांनी नावाने हाक मारली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. "तुही बाग मी कालदी पाह्यली. चांगली राखली रे. दोन-तीन दिवसात उतरवली नही त गेली."

"हो नाना."

"तुह्याच नियमात वाट हाय. पाह्य. आपली कुळं येगळी हायेत. तुह्या आबाले, तोतारामले, मी विचारतो. सुगंधीचं शिक्षन यंदा पुरं होते. तू जावई हो. बुधवारच्या वॅगनीत पयला घड तुहा."

मनात काय काय आलं ते सगळं सांगण्याजोगं नाही. पण सांगण्याजोग्यातलं पहिलं हे होतं, की साखरपुडा झालेला, पण लग्न न झालेला जावई नियम एकमध्ये बसतो का? मी तसं विचारलंसुद्धा.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि सुगंधा उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, मला विचारलं का?"

"आता विचारतोच हाय ना वं..."

"मग ऐका. डंकेलसाहेब, तुमचा पहिला नियम म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवला. मला तो पाठच होता. "सोसायटीने एकाला जी सवलत दिली ती सगळ्यांना द्यावी लागेल."

"चेअरमन मुलगी देऊन पाळी देतायत. मुलगी ही सवलत झाली. एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल." ती वडिलांकडे वळली. "बाबा, गावातल्या सगळ्या पोरांना जावई करून घेताय का? किती पानं मांडायची ते सांगा, म्हणजे मी पुरण शिजायला घालते."

हसता हसता नानांना ठसका लागला. मला हसू आलं नाही, कारण मी तिच्या युक्तिवादात चूक शोधत होतो. चूक नव्हती. "सवलत म्हणजे काय काय" हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी ते उघडच आहे असं सांगितलं होतं.

तो संवाद संध्याकाळपर्यंत गावभर झाला. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पाराजवळून जाताना रतिलालभाऊंच्या चारही मुलांनी, ज्यांची लग्नं होऊन वर्षं लोटली होती, मला विचारलं की सवलतीसाठी अर्ज कुठे करायचा. पण हसून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की बागा सगळ्यांच्याच अडकल्यात. खुद्द नानांचे घड झाडावर होते. सासऱ्यांना आपल्याच जावयांना वाढता वाढता घाम फुटला होता. मंगळवारी संध्याकाळी सगळे सभासद ओट्यावर जमले. नियम आणि निकाल दोन्ही काढून टाकायचे, पाळी पूर्वीसारखी गावाची, आणि बुधवारच्या वॅगनीत माझी बाग पहिली, कारण तीच सगळ्यात पुढे गेलेली.

"हात वर करा," नाना म्हणाले.

सगळे हात वर गेले. रतिलालभाऊंचा गेला, अक्कांचा गेला. झुलालबाबांनी कशासाठी ते विचारलं नाही, पण सगळ्यांचे बघून त्यांनीही केला. आबांचा गेला. आबा कधी सभेला येत नसत. त्या दिवशी आले होते.

माझा हात मांडीवरच राहिला.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, मला मत देता येत नाही. निकाल रद्द झाला तर उद्या माझीच बाग जाणार. माझा फायदा आहे. नियम तीन."

"बरं, मंग नको देऊ. बाकी बठ्ठ्याहिनं देलं."

"पण चौथ्या नियमात सगळ्यांनी म्हटलंय. मी नाही दिलं तर सगळे होत नाहीत."

मग रतिलालभाऊ हळूच म्हणाले, "हात वर करशीन त तिसरा मोडते, नही करशीन त चौथ्यानं निकाल मोडत नही. असंच ना?"

"असंच," मी म्हणालो. त्यांना इतक्या लवकर समजलं याचा मला त्या घडीलाही आनंद झाला.

"अरे, नियमच काढू राह्यलो ना आपून!" अक्का ओरडल्या. "मरत्या माणसाले कोनी पथ्य पाळाले लावते का?"

"काढेपर्यंत ते लागू आहेत, अक्का. मला थोडा विचार करू द्या."

मी आबांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून वर होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला, टोपी झटकली आणि घरी गेले. नाना म्हणाले, "करून घे विचार. सकायी सांग." नियमाप्रमाणे निकाल कायम राहिला, आणि जावयांचे ट्रक निंभोऱ्याला उभेच होते.

सकाळी दात घासताना मला उत्तर सापडलं. ज्या कामात प्रत्येक सभासदाचा फायदा आहे तिथे तिसरा नियम कोणालाच लावता येत नाही. लावला तर मत द्यायला कोणीच उरत नाही. म्हणजे मी हात वर करू शकत होतो. मी तसाच, तोंड न धुता, ओट्यावर पळालो. ओट्यावर झुलालबाबा एकटे बसले होते. बाकी सगळे स्टेशनवर, वॅगनीतून निघालेल्या जावयांच्या केळ्यांना निरोप द्यायला गेले होते. मी बाबांना माझा निष्कर्ष मोठ्याने दोनदा सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "तोंडाले फेस हाय तुह्या."

शुक्रवारी बाग पिवळी झाली. आलेखात दाखवलं होतं तशीच, सगळी एकदम.

आबांनी घड उतरवून घेतले, खळ्यात केळीच्या पानांवर ठेवले आणि फण्या सुट्या केल्या. मग सांगितलं, "धुळ्याले कळव, येतो म्हना." थोड्या वेळाने म्हणाले, "पन आधी हे वाटून ये. गावात जेवढे जावई हायेत तेवढ्याहिले. न ज्याच्या घरी जावई नही त्यालेबी. एकाले देली ते बठ्ठ्याहिले."

ते चिडून म्हणाले की चेष्टेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी टोपल्या घेऊन घरोघर फिरलो. केळी गोड होती. एवढी गोड केळी आमच्या गावाने कधी खाल्ली नव्हती, कारण आम्ही ती हिरवीच दिल्लीला पाठवतो. रतिलालभाऊंनी दोन जागीच खाल्ली आणि म्हणाले, "डंकेल, तुह्या माती-पान्याचं जमलं रे. तेवढं तोंड न् कागद सोडून दे." चुडामणराव निघायच्या तयारीत होते, त्यांनी अख्खी टोपली ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून घेतली आणि पुढल्या अधिक महिन्यात नक्की येईन म्हणाले.

नानांच्या घराकडे मी शेवटी गेलो. सुगंधा दारात होती. तिने फणीतलं एक केळं तोडलं, बोटाने दाबून पाहिलं.

"जरा जास्तच पिकलं."

"हो."

"मोजलं नव्हतं का?"

"रोज मोजलं."

ती हसली. माझ्या लक्षात आलं की त्या हसण्यात तिच्या वडिलांचं थोडं आहे, पण सगळं नाही.

"धुळ्याला कधी?"

"सोमवारी."

"थांबा," ती म्हणाली आणि टोपली घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा टोपलीवर रुमाल झाकला होता. "रिकामी कशी द्यायची," ती म्हणाली आणि मी काही विचारायच्या आत दार लोटून घेतलं.

रस्त्यात रुमाल उचलून पाहिलं. अनारसे होते.

आता आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे खरं. घरात धोंड्याचे अनारसे तळलेले होते, समोर दिसले ते घातले, हेही शक्य आहे. पण अधिक महिन्यात अनारसे कोणाला देतात हे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलीला माहीत नसेल असं मानणंही अवघड आहे. खात्री करायचा उपाय सोपा होता: त्या दिवशी नानांच्या घरून आणखी कोणाची टोपली भरून गेली का, एवढं विचारायचं. एरवी मी आधी तेच केलं असतं.

मी कोणालाही विचारलं नाही. सोमवारी धुळ्याच्या एस.टी.त बसलो तेव्हा अनारशांचा डबा मांडीवर होता, आणि पारोळा येईपर्यंत मी तो उघडला नाही.